चूलबंद आवतण

ज्यांना उभ्या आयुष्यात कुणी तोंडावर 'नाही' म्हटलं नाही अशी माणसं माझ्या माहितीत दोनच: एक गोष्टीतले राजे आणि दुसरे आमचे आतोबा. राजाला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. आतोबांच्या बाबतीत छातीचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांची उंची जेमतेम पाच फूट आणि वारा सुटला की बांधावरून चालताना ते धोतराचा सोगा एका हाताने आणि टोपी दुसऱ्या हाताने धरून चालत. प्रश्न रिवाजाचा होता. आतोबा गावचे आवतणकरी होते. लग्न, हळद, बारसं, बारावं, सत्यनारायण, कुणाच्या घरी काहीही निघालं की घरोघरी जाऊन जेवणाचं आवतण देणं हे त्यांचं काम. आणि उंबऱ्याशी आवतण घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, हे आमच्या गावातलं मूल चालायला लागायच्या आधी शिकतं. घरात कुणाला ताप असो, यजमानाशी तीन पिढ्यांचं वैर असो, आवतणकऱ्याला 'येतो' म्हणायचं आणि मग आपल्याला हवं ते करायचं. त्यामुळे चाळीसेक वर्षं आतोबा दारोदार फिरले आणि चाळीसेक वर्षं त्यांनी होकाराशिवाय दुसरं काही ऐकलं नाही.

माझी आत्या गावातल्या गावातच दिलेली, म्हणून ते माझे आतोबा. पण माझं ऐकून माझे मित्र, त्यांचं ऐकून त्यांचे बाप असं होत होत सगळा गाव त्यांना आतोबाच म्हणू लागला. त्यांच्याबरोबर गोट्या खेळलेले म्हातारेसुद्धा. आमचं गाव नायगावच्या पूर्वेला, जूचंद्रच्या वाटेवर, खाडीला पाठ टेकून बसलेलं. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला गावकीचं खाजण, म्हणजे खाडीला बांध घालून अडवलेली भाताची जमीन. आतोबांना स्वतःची जमीन नव्हती. थोडी होती ती भावांच्या वाटणीत गेली, कारण वाटणीच्या वेळी भावांनी विचारलं, 'घेऊ का?' आणि आतोबा 'घ्या' म्हणाले. नाही ऐकायची सवय नसलेल्या माणसाला नाही म्हणताही येत नसावं. आत्याने त्यानंतर आयुष्यभर हे 'घ्या' त्यांना रोज एकदा तरी ऐकवलं.

आवतण देण्याचं त्यांचं शास्त्र होतं आणि त्यात ते कुणाला हात घालू देत नसत. सकाळी आंघोळ करून पहिल्या अक्षता गावदेवीला, मग मानाची चार घरं, मग पूर्वेच्या आळीपासून उजवी घालत सगळा गाव. प्रत्येक आळीत सुरुवात कुठून करायची हेही ठरलेलं. आमच्या आळीत शेवटच्या घरात एक म्हातारी एकटी राहायची, तिला ते सगळ्यांच्या आधी सांगत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "तिला लुगडं कोनतं नेसायचं ते ठरवाला टाइम लागतो." दोन भावांचं एक अंगण होतं आणि आधी आवतण कुणाला यावरून त्यांच्यात एकदा कोयत्यापर्यंत गेलं होतं. तिथे आतोबा अंगणाच्या बरोबर मध्यावर उभे राहत, दोन्ही घरांकडे पाठ करून तुळशीकडे तोंड करत आणि तुळशीला आवतण देत. दोन्ही भाऊ आपापल्या ओटीवरून एकदमच 'येतो' म्हणत. कुणाच्याही घरी ते बसत नसत आणि पाण्याचा घोटही घेत नसत, कारण एका घरचं पाणी घेतलं तर गावातल्या सगळ्या घरचं घ्यावं लागेल आणि संध्याकाळपर्यंत माणूस फुगेल, असा त्यांचा हिशेब. आवतण दोन प्रकारचं. घरटी एक माणूस बोलवायचा असेल तर नुसतं "आवतन हाय". सगळ्या घरादाराने यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, असं असेल तर "आवतन हाय हो, चूलबंद". हा 'हो' ते असा लांबवत की चुलीवर ठेवलेलं भांडं बायका ऐकता ऐकताच उतरवून ठेवत.

पण त्यांची खरी विद्या आवतण देण्यात नव्हती, होकार ऐकण्यात होती. सगळेच जिथे 'येतो' म्हणतात तिथे खरोखर किती येणार हे ओळखायचं, आणि त्यावरून आचाऱ्याला तांदूळ किती काढायचा ते सांगायचं, हे काम गावात फक्त त्यांना जमे. पटकन 'येतो' म्हणणारा येत नाही, असा त्यांचा पहिला सिद्धान्त. 'हो हो हो' असं तीनदा म्हणणारा तर त्या दिवशी गावातसुद्धा सापडायचा नाही. जो आधी यजमानाच्या चार तक्रारी सांगतो तो नक्की येतो, आणि जो भात कोण रांधणार म्हणून चौकशी करतो तो पोराबाळांना घेऊन येतो. माझ्या मोठ्या भावाच्या हळदीला त्यांनी आचाऱ्याला सांगितलं, "निम्मे धर." माझ्या वडिलांना तो अपमान वाटला. आपल्या घरच्या हळदीला निम्माच गाव? त्यांनी आतोबांच्या नकळत दुपटीने तांदूळ वैरायला लावला, आणि पुढचे दोन दिवस आमच्याकडे आणि आमच्या म्हशीकडे भाताशिवाय दुसरं काही नव्हतं. आतोबा तिसऱ्या दिवशी म्हशीच्या पाठीवर थोपटून गेले.

गावाबाहेरची माणसंसुद्धा त्यांना वापरून घेत. लस टोचायला सरकारी नर्स आली की ती आधी आतोबांना गाठायची. ते घरोघरी जाऊन लग्नाच्याच सुरात सुईचं आवतण देत आणि सगळा गाव येतो म्हणे. एकदा नवीन नर्स होती, ती हरखून गेली. तिने स्टोव्हवर मोठं पातेलं चढवलं. आतोबा बाजूला उभे होते. म्हणाले, "बाई, निम्म्याच सुया उकला." ती त्यांच्यावर रागावली, सगळ्या उकळल्या, आणि संध्याकाळी त्यातल्या निम्म्या तशाच घेऊन गेली. रेशनवर रॉकेल आलं की तेही आतोबाच सांगत. त्या आवतणाला मात्र बोलावलेले सगळे येत, वर न बोलावलेलेही येत.

पुढे छापील पत्रिका आल्या. पोस्टमन त्या वाटू लागला आणि आतोबांचं काम मानाच्या चार घरांपुरतं उरलं. पत्रिकेचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "कागदाला तोंड नाय," ते म्हणत, "त्याला मानूस काय बोलनार?" आणि ते खरंही होतं. पत्रिका आली की लोक ती वाचून दोरीवर अडकवत आणि लग्नाची तारीख उलटून गेल्यावर, अरे, ते राहिलंच की, असं म्हणत. आतोबा दिवसभर ओटीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारत. आत्या आतून म्हणायची, "आता रस्त्यालाच जेवाला बोलवा."

अशा दिवसांत ते सुपरबाजारचं प्रकरण गावात आलं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वालीवला कारखाने उभे राहत होते. मीही तिथल्याच एका लहानशा वर्कशॉपमध्ये हजेरी लिहायच्या कामाला लागलो होतो. मुंबईच्या एका कचेरीतल्या नोकरदारांनी मिळून एक सोसायटी काढली होती आणि त्यांना आमच्या खाजणाचा, स्टेशनच्या बाजूचा मोठा तुकडा हवा होता. तिथे पाच इमारती बांधायच्या आणि पुढच्या इमारतीच्या तळमजल्यावर सुपरबाजार काढायचा, असा त्यांचा बेत. जमीन गावकीची, म्हणजे सगळ्या गावाची मिळून. त्यामुळे गावाने एकमुखाने ठराव केल्याशिवाय काही हलणार नव्हतं. सोसायटीचे सेक्रेटरी सफारी घातलेले, सज्जन, घाम टिपत बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी गावात चौकशी केली, की सगळ्यांशी ज्याचं बरं आहे असा माणूस कोण? गावाने बोट ओटीवर बसलेल्या आतोबांकडे दाखवलं.

आतोबांनी हे काम का घेतलं ते गावाला वाटलं तसं नव्हतं. रिकामे बसलेत, कुणीतरी विचारायला आलं, चढले हरभऱ्याच्या झाडावर, असं लोक म्हणत. खरं कारण सुमन होतं. सुमन ही त्यांची एकुलती एक मुलगी, माझी आतेबहीण. ती लालबागला दिली होती. दहा बाय बाराची खोली, त्यात सासू-सासरे, दीर, नवरा, दोन मुलं आणि ती. दीर गॅलरीत झोपायचा आणि पावसाळ्यात तोही आत यायचा. तिने कधी तक्रार केली नव्हती. एकदाच, माहेरी आलेली असताना, खाजणाच्या बांधावर उभी राहून ती आतोबांना म्हणाली होती, "बाबा, इथं नुसतं हात पसरून उभं राहिलं तरी कुणाला लागत नाही." सेक्रेटरींनी सांगितलं होतं की काही ब्लॉक गावकऱ्यांच्या मुलाबाळांसाठी राखून, झेपेल अशा हप्त्यांवर देऊ. झालं. त्या वाक्यानंतर आतोबांना इमारतीही दिसल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी सुमनही दिसली.

त्यांनी गावाला फेरी घालायला सुरुवात केली ती नेहमीच्याच क्रमाने, गावदेवीपासून. पण या वेळी त्यांनी आयुष्यभराचा नेम मोडला आणि ते घरोघरी बसले. पाणी प्यायले, चहा प्यायले, एका घरी तर उसळ खाल्ली. सेक्रेटरींनी दिलेला निळा नकाशा ते मांडीवर पसरत आणि बोटाने एकेक चौकोन दाखवत. "ह्यो सुपरबाजार. हिथं तांदूल, हिथं साबन, हिथं कापड. एका छपराखाली सगलं. आपन हाताने घ्याचं, दारात पैसे द्याचे. कुनाशी बोलाची गरज नाय."

"बोलाचं नाय तर बाजारात जायाचं कशाला?" शेवटच्या घरातल्या म्हातारीने विचारलं.

आतोबांनी घाईने नकाशा उलटा केला आणि म्हणाले, "तुला लांब चालत जावा लागनार नाय." म्हातारी म्हणाली, बरं. सगळेच बरं म्हणाले. कुणी 'चांगलं होईल' म्हणालं, कुणी 'तुम्ही म्हणता तर' म्हणालं, दोन्ही भावांनी आपापल्या ओटीवरून एकदमच मान हलवली. आतोबा घरी येऊन आत्याला सांगत, गाव एका पायावर तयार आहे. आत्या पीठ मळता मळता म्हणाली, "तुमी लोकांना जेवाला बोलवा. घरं बांधाला बोलवू नका." ते तिच्यावर चिडले; चिडलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले.

गावाचं मत काय होतं ते आतोबांची पाठ वळली की कळत असे. खाजण ही नुसती भाताची जमीन नव्हती. पावसाळ्यात डोंगराकडून येणारं सगळं पाणी आधी खाजणात पसरायचं आणि ओहोटी लागली की बांधातल्या उघाडीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, खाडीत उतरायचं. तिथे भराव टाकून इमारती उभ्या केल्या तर ते पाणी जाणार कुठे? दुसरीकडे जागा नव्हती, गावातच येणार होतं. हे समजायला शाळा शिकायला लागत नव्हती. मिठागरावर काम करणारा कुणीही सांगू शकत होता. आम्ही शिकलेल्या चार पोरांनी तर हरकतीचा अर्जच लिहायला घेतला होता. माझं अक्षर बरं म्हणून तो माझ्याकडे होता.

आतोबा आमच्याकडे आले तेव्हा तो अर्ज माझ्यासमोर उघडा होता. बाहेरून खोकल्याचा आवाज आला आणि मी कागद जेवणाच्या डब्याखाली सरकवला. ते आत येऊन बसले. मला नकाशा दाखवायची गरज नव्हती, पण त्यांनी दाखवलाच. मागच्या इमारतीचा, दुसऱ्या मजल्यावरचा, पूर्वेकडचा एक चौकोन अंगठा ठेवून ठेवून मळला होता, निळी शाई उडून तिथे कागदाची लव वर आली होती. "ही सुमनची," ते म्हणाले. हे त्यांनी गावात दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. मग म्हणाले, "रविवारी गावकीची बैठक ठेवली हाय. येशील ना? हात वर कराला?"

मी म्हणालो, "येतो की, आतोबा. म्हणजे काय."

डब्याखालून अर्जाचा एक कोपरा बाहेर आलेला होता. त्यांनी तो पाहिला की नाही मला ठाऊक नाही. ते उठले, टोपी नीट केली आणि पुढच्या घरी गेले. खोटं बोलताना मला काही वाटलं नाही, कारण ते खोटं आहे असंच मला वाटलं नव्हतं. दारात आलेल्या माणसाशी आपण असंच बोलतो, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं.

रविवारची बैठक मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात. आतोबांनी आदल्या दिवशी पुन्हा सगळा गाव घेतला आणि लांबलचक 'हो' लावून चूलबंद आवतण दिलं. बैठकीला चूलबंद आवतण ही गोष्ट गावाने ऐकली नव्हती, पण वालाची आमटी, भात, बटाट्याची भाजी आणि सोसायटीकडून बुंदी म्हटल्यावर कुणी फार खोलात गेलं नाही. आचाऱ्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "आतोबा, किती धरू? निम्मे?"

"सगले," आतोबा म्हणाले.

आचारी डाव हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिला. पंचवीस वर्षं तो त्यांच्या अंदाजावर रांधत होता आणि हा शब्द त्याने त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. ज्या माणसाला नुसत्या 'येतो'च्या सुरावरून ताटं मोजता येत होती, त्याने या वेळी गावातला एकूण एक होकार खरा धरला होता.

आणि गाव आला. सगळा आला. बायका नेसून-सवरून, पोरं केसांना तेल लावून, शेवटच्या घरातली म्हातारीसुद्धा जरीच्या लुगड्यात. आतोबा सेक्रेटरींच्या शेजारी उभे राहून मोजत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. सेक्रेटरींनी चांगलं भाषण केलं. मग गावकीच्या म्होरक्याने विचारलं, जमीन सोसायटीला द्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

आतोबांचा हात वर गेला. पटांगणात दुसरा हात नव्हता. आतोबांनी हात तसाच ठेवून एकदा मागच्या रांगेपर्यंत नजर फिरवली, जणू कुणाला तरी ऐकू गेलं नसेल. मग म्होरक्याने विचारलं, देऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांनी. सगळा गाव जमिनीकडे बघत होता आणि सगळ्या गावाचे हात वर होते. माझाही होता. मी तर उभा राहून तो अर्ज वाचला, कारण अक्षर माझं होतं.

सेक्रेटरी गोंधळून गेले. "अहो, पण हे सगळे तुम्हाला हो म्हणाले होते ना?"

आतोबांनी हात खाली घेतला. "व्हय," ते म्हणाले. "आवतनाला म्हनले."

ठराव बारगळला, म्हणजे आता उठून जायला हरकत नव्हती. पण कुणी उठेना. आवतण चूलबंद होतं, गावात एकही चूल पेटलेली नव्हती, आणि त्यांच्या आवतणावर येऊन न जेवता जाणं म्हणजे त्यांना नाही म्हणणं. ते तर कुणालाच करायचं नव्हतं. आत्ताच पाच मिनिटांपूर्वी ज्यांनी त्यांच्या मुलीची खोली मोडली होती ती सगळी माणसं गपचूप पंगतीला बसली. आतोबांनी धोतर खोचलं, आमटीचं भांडं उचललं आणि वाढायला सुरुवात केली. एकालाही त्यांनी वगळलं नाही, एकालाही टोचून बोलले नाहीत. "घे, अजून घे. पोटभर जेव." लोक शरमेने जास्त जेवत होते. ज्याला दोन डाव भाताची भूक तो चार घेत होता. माझ्यापुढे आले तेव्हा मला मान वर करवेना. त्यांनी पत्रावळीवर दोनदा बुंदी वाढली आणि पुढे गेले. भात बरोबर पुरला, एक शीत उरलं नाही. सेक्रेटरीही जेवले आणि हात धुताना मला म्हणाले, "तुमचं गाव मला कळलं नाही हो." आत्या पातेली घासताना म्हणाली, "आमच्या गावाला नाय म्हनाचं असलं तरी आधी जेवावं लागतं."

पुढच्या रविवारी आतोबा मला म्हणाले, चल, लालबागला जाऊन येऊ. खोलीचं त्यांनी सुमनला आधीच कळवलं होतं, आता ती होणार नाही हे सांगायला हवं होतं. आयुष्यभर माणसाने लोकांच्या दारात या, जेवा, नांदा एवढंच नेलेलं. 'नाही' घेऊन त्यांनी कुणाचा उंबरा कधी चढलेला नव्हता, आणि चढायचा होता तो पोटच्या पोरीचा. सोबत त्यांनी पिशवीभर वालाच्या शेंगा आणि मिठागरावरचं मीठ घेतलं होतं. मुंबईत मीठ मिळतं, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "मिलत असंल."

सुमनने आम्हाला पलंगावर बसवलं, कारण बसायला तेवढीच जागा होती. तिचे सासरे पलंगावरून उठून गॅलरीत गेले, दीर गॅलरीतून खाली गेला. आतोबा गावातलं सगळं बोलले. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न जमलं, म्हातारीचं जरीचं लुगडं अजून कसं टिकलंय. तासभर झाला. दोनदा त्यांनी घसा साफ केला आणि दोनदा तिच्या मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला. नकाशा त्यांच्या खिशात होता, मला त्याची घडी दिसत होती. मला वाटलं, आता मीच सांगून टाकावं. पण ते माझं काम नव्हतं.

आम्ही निघताना सुमन दारापर्यंत आली. "बाबा," ती पटकन म्हणाली, "त्या खोलीचं तुम्ही राहू द्या बरं का. इथनं पोरांची शाळा जवळ पडते. ह्यांचं कामही इथंच. आमचं काही एवढं नडलेलं नाही."

"बरं," आतोबा म्हणाले.

त्या चाळीचा जिना अंधारा आणि लाकडी. दुसऱ्या मजल्यावर आतोबा कठड्याला धरून थांबले. मला वाटलं दम लागला. "पायजे व्हती रे तिला," ते म्हणाले.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणालो, "आतोबा, तुम्ही दारात आलात तेव्हा मी येतो म्हणालो, आणि तो अर्ज मीच लिहीत होतो. डब्याखाली होता."

"तुजा मी धरलाच नव्हता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. पंगतीचा अंदाज सांगताना असे तोच आवाज होता. "बाकी सगल्यांचे धरले. तुजा तेवढा नाय." मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते एकेक पायरी उतरू लागले आणि रस्त्यावर येईपर्यंत त्यांनी तो खांदा सोडला नाही.

आज तसाच ठराव पुन्हा पुढे आला तर मी पुन्हा हात वर करीन, याबद्दल मला शंका नाही. पुढे दहाएक वर्षांत गावकी फुटली, खाजणाचे तुकडे पडले, आणि एकेकाने आपापला तुकडा विकून तिथे इमारती उभ्या केल्याच. त्या वेळी कुणी कुणाच्या दारात विचारायला गेलं नाही. खाली दुकानं आहेत, त्यातल्या एकात हाताने माल उचलून दारात पैसे देतात. श्रावणात आमच्या ओटीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी येतं. आम्ही म्हणत होतो ते खरं ठरलं, पण त्याचा आनंद कुणाला झाला नाही. मला सलतं ते हात वर केल्याचं नाही. ते नकाशा पसरून बसले होते तेव्हा मी त्यांना तोंडावर 'नाही, आतोबा' म्हणायला हवं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं असतं. कदाचित मग दुसऱ्या घरी जाण्याआधी ते थोडे सावध झाले असते, आणि पटांगणात एवढ्या लोकांदेखत तो एकटा हात वर राहिला नसता. सगळ्या गावात एका माणसाने तरी त्यांच्याशी खरं बोलायचं होतं, आणि ते नात्याने माझ्याकडे येत होतं.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. सुमनची मुलं मोठी झाली, एक नोकरीनिमित्त बाहेर गेला, सासू-सासरे गेले, दिराने वेगळं बिऱ्हाड केलं. ती मात्र त्याच खोलीत आहे. मी कधी गेलो की म्हणते, "बस, आता पुष्कळ जागा आहे." मी बसतो.